टोळी आधी, कोकेन नंतर : कॅलिफोर्नियातील टोळ्यांची वाढ

मित्रहो,

कॅलिफोर्नियातील टोळ्यांविषयी बोलताना बहुतेक जण कोकेनपासून सुरुवात करतात. क्रॅक, म्हणजे कोकेनचे स्वस्त खडे, आले, पोरांच्या हातात पैसा खेळू लागला, पैशामागून बंदुका आल्या आणि लॉस एंजेलिसच्या वस्त्या रक्ताळल्या, अशी ही हकीकत सांगितली जाते. तारखा मात्र तिला साथ देत नाहीत. क्रॅकचा बाजार फोफावला तो १९८३-८४ च्या सुमारास. आणि टोळ्यांच्या भूगोलाचा अभ्यास करणारे अलेहांद्रो अलोन्सो यांच्या मोजणीप्रमाणे शहर परिसरातील कृष्णवर्णीय टोळ्या १९७२ मध्ये १८ होत्या, त्या १९७८ मध्येच ६० झाल्या होत्या. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर पुढचे उपायही चुकतात, आणि कॅलिफोर्नियात ते कसे चुकत गेले हे मला आज सांगायचे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत काम मिळेल म्हणून टेक्सास, लुइझियाना अशा दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे लॉस एंजेलिसला आली. काम मिळाले, पण घर हवे तेथे घेता येत नव्हते, कारण कित्येक खरेदीखतांतच हे घर गोऱ्या माणसाखेरीज कोणाला विकू नये अशी अट असे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी थांबवली, तरी व्यवहारात भेदभाव चालूच राहिला. १९६३ मध्ये राज्याने घरांच्या बाबतीतील भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर पुढच्याच वर्षी मतदारांनी मोठ्या बहुमताने तो मोडीत काढला. वस्तीची सीमा ओलांडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या तरुणांची टोळकी मारहाण करीत, आणि स्वतःच्या बचावासाठी या मुलांनी जे गट केले, तेच तेथील कृष्णवर्णीय टोळ्यांचे पहिले रूप होय. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स भागात दंगल उसळली. ती सहा दिवस चालली आणि तीत ३४ माणसे मेली.

दंगलीनंतरची काही वर्षे हीच मुले ब्लॅक पँथरसारख्या राजकीय संघटनांकडे वळली होती. पोलिसी दडपशाहीने आणि आपसातील हिंसेने त्या संघटना खिळखिळ्या झाल्या, आणि त्या पोकळीत रेमंड वॉशिंग्टन या शाळकरी मुलाने आपला गट उभा केला. १९७१ मध्ये स्टॅन्ली विल्यम्स त्याला येऊन मिळाला, आणि क्रिप्स हे नाव शहरभर झाले. क्रिप्सचा मार खाणाऱ्या लहान गटांनी १९७२ मध्ये कॉम्प्टनमधील पायरू स्ट्रीटच्या आसपास एकत्र येऊन ब्लड्सची मोट बांधली. एकांचा रंग निळा, दुसऱ्यांचा लाल. भांडण वस्तीचे, मानाचे आणि सूडाचे होते. त्यात धंदा म्हणावा असे फारसे काही नव्हते.

याच काळात या वस्त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. साउथ गेट येथील फायरस्टोनचा टायरचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, त्याच गावातील जनरल मोटर्सचा १९८२ मध्ये. बापाला शिक्षणाशिवायही कारखान्यात पक्की नोकरी लागत होती, मुलाला ती वाट उरली नाही. नेमक्या अशा वेळी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बंदोबस्त कडक झाल्यामुळे कोलंबियाचे कोकेन मेक्सिकोमार्गे येऊ लागले. पुढे १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिल्मार भागातील एका गोदामात २० टनांहून अधिक कोकेन सापडले, त्यावरून या मार्गाची व्याप्ती ध्यानात यावी.

कोकेनची पूड हा श्रीमंतांचा शौक होता. खाण्याचा सोडा आणि पाणी घालून ती शिजवली की क्रॅकचे खडे तयार होतात, आणि एकेक खडा थोड्या डॉलरांत सुटा विकता येतो. घाऊक माल परवडत नसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत तो अशा रीतीने पोचला. ‘फ्रीवे’ रिक रॉस हा या धंद्यातील सर्वांत गाजलेला माणूस शाळेत उत्तम टेनिस खेळत असे; पण त्याला वाचता येत नव्हते, म्हणून शिष्यवृत्तीची आशा संपली. वाचायला तो शिकला तुरुंगात. शाळेने एका मुलाला बारा वर्षे वर्गात बसवून निरक्षर ठेवले, ही गोष्ट मला त्याने विकलेल्या मालाच्या हिशेबाहून अधिक अस्वस्थ करते.

टोळ्यांनी हा सगळा व्यापार ताब्यात घेतला, हा समजही तपासून पाहावा लागतो. माल्कम क्लाइन आणि शेरिल मॅक्सन या संशोधकांनी पोलिसांच्याच नोंदी चाळल्या, तेव्हा कोकेनविक्रीच्या अटकांत टोळीतील माणसांचा वाटा निम्म्याहून बराच कमी निघाला. टोळीतील अनेक मुले विक्री करीत होती हे खरे. परंतु टोळी ही एखाद्या कंपनीसारखी शिस्तबद्ध व्यापारी संस्था होती, असे दिसत नाही.

शासनाने मात्र तसेच गृहीत धरले. १९८५ मध्ये पोलिसांनी चिलखती गाडीला लांब लोखंडी दांडा बसवून संशयित घरांच्या भिंती फोडायला सुरुवात केली. पहिल्याच छाप्यात घरात बायका आणि मुले सापडली. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकसाठी जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, ती पुडीच्या रूपातील कोकेनला ५०० ग्रॅम असल्याशिवाय लागू होत नव्हती. वस्तू तीच, गिऱ्हाईक वेगळे. १९८८ मध्ये राज्याने टोळीविरोधी स्वतंत्र कायदा केला, आणि पुढे टोळीत असल्याचा संशय असलेल्यांची संगणकीय यादी तयार झाली. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी ती तपासली, तेव्हा नोंदीच्या वेळी एक वर्षही पूर्ण न झालेली ४२ बालके तीत आढळली. त्यांपैकी २८ जणांनी आपण टोळीत असल्याची कबुली दिल्याचे लिहिलेले होते.

१९८० मध्ये राज्याच्या तुरुंगांत सुमारे २४ हजार कैदी होते, ते २००६ मध्ये १ लाख ७० हजारांवर गेले. या वाढीचा परिणाम समजून घ्यायचा तर मेक्सिकन माफियाकडे पाहावे लागते. ही टोळी रस्त्यावर जन्मलेलीच नाही. १९५७ मध्ये ट्रेसी येथील तरुण कैद्यांच्या तुरुंगात पूर्व लॉस एंजेलिसच्या मुलांनी ती स्वसंरक्षणासाठी काढली. तिचे साधे गणित असे आहे : रस्त्यावरचा प्रत्येक मुलगा आज ना उद्या आत येणार, आणि आत आल्यावर त्याचा जीव आपल्या हातात असणार. म्हणून बाहेरच्या टोळ्या आतल्यांना मुकाट्याने हप्ता देतात, आणि जी देत नाही तिच्या माणसांवर हल्ल्याची मोकळीक दिली जाते. १९९३ मध्ये एलिशियन पार्कमध्ये शेकडो पोरांना जमवून चालत्या गाडीतून गोळीबार करण्यास बंदी जाहीर झाली, तेव्हा हुकूम देणारे हेच होते. सरकारला न जमलेली संघटना, सरकारनेच भरलेल्या तुरुंगांच्या जोरावर उभी राहिली.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाच्या यादवी युद्धातून पळून लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन भागात आलेल्या कुटुंबांच्या मुलांचेही असेच झाले. जुन्या टोळ्यांच्या माराला तोंड देण्यासाठी त्यांनी मारा साल्वात्रुचा ही टोळी काढली. पुढे मेक्सिकन माफियाच्या छत्राखाली आल्यावर तिच्या नावाला तेरा हा आकडा चिकटला, कारण माफियाच्या नावातले ‘एम’ हे इंग्रजीतील तेरावे अक्षर. १९९६ च्या स्थलांतरितांविषयीच्या केंद्रीय कायद्यानंतर हद्दपारीचा वेग वाढला, आणि लॉस एंजेलिसमध्ये घडलेली टोळी नुकत्याच युद्धातून बाहेर पडलेल्या, दुबळ्या देशात जाऊन रुजली.

वॉट्समध्ये मात्र याच काळात वेगळे काही घडले, आणि त्याचा उल्लेख फार कमी होतो. एप्रिल १९९२ मध्ये, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटल्यावर जी दंगल भडकली तिच्या आदल्या दिवशी, तेथील सरकारी वसाहतींमधील क्रिप्स आणि ब्लड्स यांनी तह केला, आणि त्याच्या मसुद्यासाठी १९४९ चा इजिप्त-इस्रायल युद्धविराम करार समोर ठेवला होता. त्याच वर्षी बॉइल हाइट्समध्ये फादर ग्रेग बॉइल यांनी एकमेकांच्या शत्रू टोळ्यांतील मुलांना एकाच बेकरीत कामाला लावले. त्या वर्षी शहरात सुमारे १,१०० खून झाले होते; २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धात वर्षाला तीनशेच्या आत आले. घट देशभरच झाली, त्यामुळे श्रेय कोणा एकाचे नाही. पण २००७ पासून शहराने टोळीतून बाहेर पडलेल्या माणसांना मध्यस्थ म्हणून रीतसर नेमले आहे. गोळीबार झाला की हे लोक इस्पितळात पोचतात, जखमी मुलाच्या मित्रांजवळ बसतात, कोणी गोळी झाडली याविषयीच्या खोट्या अफवा फोन करून खोडून काढतात, आणि त्या रात्री कोणी बदला घ्यायला निघणार नाही याची खात्री होईपर्यंत तेथून हलत नाहीत.