भूत दिसण्याच्या आधीचा क्षण

(चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, ऑक्टोबर जवळ आला की तुमच्या फोनवर याद्या फिरू लागतात. ३१ दिवस, ३१ शब्द, रोज एक चित्र. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने शाईवरचा आपला हात सुधारावा म्हणून २००९ साली हा नेम सुरू केला, तोच आजचा इंकटोबर. महिनाअखेरीला हॅलोविन असल्यामुळे निव्वळ भुताखेतांच्या याद्याही निघाल्या: कवटी, वटवाघूळ, चेटकीण, पडका वाडा. तुमच्यातले बरेच जण हे प्रॉम्प्ट, म्हणजे यादीतले शब्द, नेटाने पुरे करतात आणि सगळी चित्रं जशीच्या तशी पोर्टफोलिओत, म्हणजे काम मिळवण्यासाठी दाखवायच्या संचात, लावतात. या याद्यांतून चांगला पोर्टफोलिओ उभा राहतो, याबद्दल मला शंका नाही. मात्र ३१ अक्राळविक्राळ चेहरे काढून तो उभा राहत नाही.

का, ते सांगतो. कथाचित्रं काढून घेणाऱ्या संपादकासमोर एक कथा पडलेली असते. हा चित्रकार त्या कथेतला कोणता क्षण उचलेल, हे त्याला तुमच्या कामातून ताडायचं असतं. नुसत्या चेहऱ्यात क्षण नसतो. जागा नसते, वेळ नसते, घाबरणारं माणूसही नसतं.

होकुसाई या जपानी चित्रकाराचं एक चित्र पाहा. जपानमध्ये रात्री जमून भुताच्या गोष्टी सांगण्याचा खेळ असे. शंभर वाती लावायच्या आणि एक गोष्ट संपली की एक वात विझवायची. त्याच शंभर गोष्टींच्या नावाने होकुसाईने १८३१च्या सुमारास एक चित्रमालिका केली. तिच्यातली पाचच चित्रं आज ज्ञात आहेत, आणि त्या पाचांवर जग अजून बोलतं आहे. त्यातलं एक कोहादा कोहेइजी या नटाचं. बायकोच्या प्रियकराने त्याला पाण्यात बुडवून मारलं आणि तो भूत होऊन परतला, अशी ती कथा. होकुसाईने खून काढला नाही, तळं काढलं नाही. त्याने मच्छरदाणी काढली. तिची वरची कड हाडांच्या बोटांनी खाली ओढली आहे आणि त्या कडेवरून कोहेइजी आत डोकावतो आहे. अंथरुणात कोण आहे, ते चित्रात नाहीच. ते आपण मनात भरतो आणि तिथेच घाबरतो.

म्हणून माझा आग्रह असा, की यादी स्वतः करा आणि तिच्यात भुतांपेक्षा वस्तू आणि जागा जास्त ठेवा. माजघराची कडी. विहिरीवरचा रहाट. वळचणीला टांगलेला कंदील. आपल्याकडे भुतांचीही वाण नाही. मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस, जखीण, ब्रह्मसमंध, आणि प्रत्येकाची राहण्याची जागा वेगळी. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात. भूत ठरलं की निम्मी पार्श्वभूमी आपोआप ठरते. हडळ काढायला घ्याल तेव्हा एक लक्षात असू द्या. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं लोक सांगत आले. ते दुःख विसरून नुसती उलटी पावलं आणि मोकळे केस काढले, तर चित्र पोकळ होतं.

चकव्याचं उदाहरण घेऊ. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो, उजाडलं की वाट सापडते. फिरणं एका चौकटीत कसं दाखवायचं? पहिलं थंबनेल, म्हणजे छोटं कच्चं रेखाटन, सगळ्यांचं एकच येतं: वाकडी झाडं आणि मधे बावरलेला माणूस. ते बाजूला ठेवा. दुसऱ्यात तो स्वतःच्याच पावलांचे ठसे पाहतो आहे. बरं आहे, पण भीती त्याच्यापाशीच राहते. तिसऱ्यात अगदी पुढे, मोठी, एक फांदी. तिला खुणेसाठी बांधलेला त्याचाच पंचा. खूप मागे, बोटभर उंचीचा तो, बॅटरी घेऊन पुन्हा इकडेच येतो आहे. त्याला अजून पंचा दिसलेला नाही, वाचकाला दिसला आहे. हे चित्र शाईत करताना पांढरं फक्त दोन ठिकाणी सोडा, बॅटरीच्या झोतात आणि पंच्याच्या कडेवर. बाकी काळं भरा, बिनधास्त भरा. काळा भरायला घाबरणारे हात मी फार पाहतो. करड्या रेघांची जाळी विणत बसतात आणि रात्र काही होत नाही.

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. भक्त त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. वेतोबा हा राखणदार देव, त्याला भुतांच्या यादीत बसवू नका. पण चित्रकार म्हणून त्या झिजलेल्या तळव्यापुढे जरूर बसा. टाच कुठे जास्त घासली, अंगठ्याखाली चामडं कसं काळवंडलं, एवढंच नीट काढलं तरी कुणीतरी चालून गेलं आहे हे कळतं. चालणारा दाखवावा लागत नाही.

आता निवड. महिन्याच्या कामातून सात-आठ चित्रं काढून ठेवा, बाकीची वहीत राहू देत. त्यातल्या तीन-चार चित्रांत एकच पात्र असावं: तीच आजी देवघरात, विहिरीवर, पाठमोरी. नाक, खांदे, लुगड्याची नेसण सगळीकडे तीच राहिली, तर संपादकाला विश्वास वाटतो की हा लांब कथा सांभाळेल. एका चित्रात मथळ्यासाठी मोकळी जागा सोडून दाखवा. शाईचं काम ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, फोनने फोटो काढून पाठवू नका.

आणि वेळ सांभाळा. गूढकथा, भयकथा छापणारे आपले दिवाळी अंक दिवाळीच्या कितीतरी आधी तयार होतात; ऑक्टोबरमध्ये तुम्ही चित्र काढत असता तेव्हा अंक छापखान्यात गेलेले असतात. म्हणजे या ऑक्टोबरचं काम पुढच्या वर्षासाठी. दिवाळीत निघालेले अंक चाळा, कोणत्या अंकात कथाचित्रांना मोठी जागा मिळते ते बघा आणि उन्हाळ्यातच त्या संपादकांना लिहा. पत्र चार ओळींचं पुरे, सोबत तीन चित्रं आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या प्रसंगाचं आहे ते एका वाक्यात. आता तुमच्या वह्या इकडे द्या, एकेक उघडून बघू.