दिवाळीआधीचा इंग्रजीचा तास

(दृश्य: उघडं पुस्तक, अगदी जवळून. छापील इंग्रजी ओळींवर पेन्सिलने लिहिलेलं बारीक मराठी.)

हे पान जरा थांबून बघा. खाली छापलेलं इंग्रजी, आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक बारीक अक्षरात मराठी. 'वन्स', 'देअर', 'वॉज'. पुढं एक शब्द आलाय टी-एच-आर-ओ-यू-जी-एच, तिथं आधी लिहिलंय 'थ्रौघ', मग ते खोडरबरने खोडलंय पण नीट गेलं नाहीये, आणि त्याच्यावरच गडद करून 'थ्रू'. मला त्या 'थ्रौघ'चं मनापासून कौतुक वाटतं, समोर जेवढी अक्षरं आहेत तेवढी सगळी इमानदारीत वाचली तर तसंच होणार ना.

पुस्तकात काही लिहायचं नाही असा वर्गाचा नियम आहे, पुढच्या वर्षी कुणाच्यातरी कामाला येतं म्हणून. त्यामुळं सगळे पेन्सिलने लिहितात. सरांना माहितीये. सर तिकडं बघत नाहीत.

(दृश्य: घाटाचा रस्ता, शाळेची भिंत, भिंतीवर रंगवलेली एबीसीडी.)

बीड जिल्हा, बालाघाटाचे डोंगर, जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. गावाचं नाव सांगत नाही, पोरांची पण नाही, लहान आहेत ती. दसरा नुकताच झालाय आणि दिवाळीच्या सुट्टीला दोन-अडीच आठवडे राहिलेत. आम्ही कॅमेरा घेऊन आलो होतो सातवीचा इंग्रजीचा तास शूट करायला, एवढंच डोक्यात होतं, कुठल्या तासाला काय शिकवतात, गृहपाठ काय देतात, पोरं काय लिहितात.

मी स्वतः इंग्रजी पाचवीपासून शिकलेला माणूस. आमच्या वेळी पाचवीत गेलो की एबीसीडी, आणि तोपर्यंत इंग्रजी म्हणजे मोठ्या भावाच्या दप्तरातली गोष्ट. 2000 सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हा, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे समोर बसलेल्या ह्या पोरांचं इंग्रजीशी नातं सात वर्षांचं आहे. सर म्हणतात पहिली ते चौथी मजा असते, गाणी, ॲक्शन, 'स्टँड अप', 'सीट डाऊन', पोरं उड्या मारत शिकतात. पाचवी-सहावीत एकदम पानभर धडा समोर येतो आणि मग पेन्सिल निघते.

(दृश्य: परिपाठ. मैदानात रांगा.)

बुधवारी प्रतिज्ञा इंग्रजीत असते. 'इंडिया इज माय कंट्री, ऑल इंडियन्स आर माय ब्रदर्स अँड सिस्टर्स' इथपर्यंत आवाज कसा दणदणीत. 'रिच अँड व्हेरिड हेरिटेज'ला पोचेपर्यंत मागच्या रांगा नुसत्या गुणगुणतात, आणि 'रिस्पेक्ट'ला परत सगळे एकदम वर येतात. पाढे म्हणतात ना तशी चाल आहे तिला. मी एकाला विचारलं, 'कर्टसी' म्हणजे काय रे? त्यानं मित्राकडं बघितलं, मित्रानं झेंड्याच्या खांबाकडं बघितलं. मग खांबाला सोडून मी पण वर्गात गेलो.

सर आधी मराठी शिकवत होते, मग हिंदी, आता इंग्रजी. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला भाषांसाठी निदान एक शिक्षक पाहिजे असं आहे, तर तो एक हाच. कविता संपवून, डस्टर मारून, हातावरची खडूची भुकटी झटकून 'गुड मॉर्निंग' म्हणणारा माणूस तोच असतो, साडेबारा वाजले असले तरी मॉर्निंगच.

(दृश्य: फळा. उभे शब्द. एक पोरगा छडीने दाखवतोय.)

पहिली दहा मिनिटं स्पेलिंग. रोज 5 शब्द घरून पाठ करून यायचे आणि मॉनिटर घेणार. आता इथं एक गंमत आहे जी तुम्ही पण केलेली असणार, कबूल करा. पोरं शब्द जसा बोलायचा तसा पाठ करतच नाहीत. बुधवार म्हणजे 'वेड-नेस-डे'. ज्ञान म्हणजे 'क्नो-व-लेड-गे'. सुरी म्हणजे 'क्निफे'. तोंडाने असा मोडतोड केलेला शब्द म्हणायचा, हाताने बरोबर स्पेलिंग लिहायचं, आणि सरांनी विचारलं की परत सुधारून 'नाइफ' म्हणायचं. एकाच शब्दाची दोन रूपं, एक पाठ करायचं आणि एक बोलायचं, आणि कुठलं कुठं वापरायचं ह्यात पोरं चुकत नाहीत. ज्या अक्षराचा आवाज होत नाही त्याला सायलेंट म्हणतात हे सगळ्यांना माहितीये. एक पोरगी म्हणाली, सर, बोलायचंच नाय तर लिवायचं काहून? सर हसले, म्हणाले, ते इंग्रजांना विचार. उत्तर काही बरोबर नाही ते, पण मला तरी कुठं दुसरं माहिती होतं.

मग वर्ड चेन. महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही वर्ड चेन सांगायला लागत नाही, गेली कित्येक वर्षं पेपरात असतेच, एक शब्द दिला की त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा, आपल्या अंताक्षरीसारखं. पुस्तकातली चेन ॲपलपासून सुरू होते आणि हत्तीवर जाते. ॲपलचा शेवट ई, ई म्हणजे एलिफंट, महाराष्ट्रातल्या पोरांनी आयुष्यात जेवढे हत्ती लिहिलेत तेवढे जंगलात नसतील. सरांनी त्या दिवशी फळ्यावर 'शुगरकेन' लिहिलं. तो पण ई वर संपतो, म्हणजे परत एलिफंट आलाच, पण पुढं टी आल्यावर 'टायगर' कुणी म्हणालंच नाही. अख्खा वर्ग एका आवाजात, 'ट्रॅक्टर'. मग आर. 'रोप', दोरी. मग ई, आणि परत हत्ती.

हसायला आलं, पण 'ट्रॅक्टर' एवढ्या पटकन का आलं ते खिडकीतून दिसत होतं. शाळेच्या मागच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि त्यात एक बाई पत्र्याची पेटी चढवत होती.

(दृश्य: ट्रॉलीत पेटी, गोधड्या, चूल, एक शेळी.)

दसरा झाला की इथून ऊसतोडीला माणसं निघतात. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर कर्नाटकात. परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण. काही पोरं आईबापाबरोबर जातात, काही आजीजवळ राहतात, त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, वसतिगृह म्हणजे बिल्डिंग वगैरे डोळ्यासमोर आणू नका, बहुतेक ठिकाणी पोरांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय, पोरं झोपतात आजीकडंच. सर ऑगस्टपासूनच घरोघरी जाऊन म्हणतात पोराला ठेवा, पोरीला ठेवा. कुणी ठेवतं, कुणी म्हणतं धाकटं लेकरू कोण सांभाळणार.

तर आता त्या दोन-अडीच आठवड्यांचं. सरांचा सगळा हिशोब ह्या दिवसांत असतो. सातवीला 100 पैकी 40 गुण आकारिक मूल्यमापनाचे, 60 संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे, 2010 पासूनच्या पद्धतीत तसं आहे. आकारिकमध्ये तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं बरंच काही येतं, आणि ते पोरगं समोर असेल तरच घेता येतं. म्हणून दिवाळीआधी सर नुसते पळत असतात. एका बाकावर तोंडी, दुसऱ्या बाकावर वही तपासणी, आणि मध्येच कुणीतरी पोषण आहाराची पोती मोजायला बोलवतं.

पुस्तकावरच्या क्यूआर कोडचं पण सांगतो, बालभारतीच्या पुस्तकात धड्याला कोड असतो, मोबाईल धरला की दीक्षा ॲपवर काहीतरी उघडतं. आम्ही धरला. गोल फिरत राहिलं. पोरं म्हणाली पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येती. पुढं.

(दृश्य: वही. 'लीव्ह ॲप्लिकेशन' असं शीर्षक, खाली पट्टीने रेघ.)

आता मुख्य गोष्ट, रजेचा अर्ज. हा धड्यातला नाही, लेखनकौशल्यातला आहे, आणि तुम्ही-आम्ही सगळ्यांनी लिहिलाय. वर डावीकडं 'टू, द हेडमास्टर', मग विषय, मग 'रिस्पेक्टेड सर', आणि मग ते वाक्य, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर'. फळ्यावर सरांनी नमुना म्हणून ताप लिहिला की चाळीस वर्षं झाली तरी सगळ्या वर्गाला तापच येतो. मी वह्या चाळल्या. सगळा वर्ग एकाच तारखेला, एकाच स्पेलिंगच्या चुकीसकट, तापाने फणफणलेला.

सरांनी वह्या गोळा केल्या आणि परत वाटल्या. म्हणाले, ताप नको. खरं कारण लिहा. मागच्या वर्षी तुम्ही खरंच का शाळेत नव्हतात किंवा ह्या वर्षी का नसणार, ते लिहा. शब्द अडला तर विचारा.

वर्गात एकदम शांत. मग पहिला हात वर. "सर, जत्रंला इंग्लिशमध्ये काय?" दुसरा, "सर, म्हैस व्याली हे कसं लिवायचं?" ह्याच्यावर सर पण दोन मिनिटं थांबले, मग म्हणाले, 'अवर बफेलो गेव्ह बर्थ' लिही. त्या पोराने ते वहीत लिहिलं, वर पेन्सिलने मराठीत 'गेव्ह बर्थ', आणि स्वतःशीच दोनदा म्हणून बघितलं. मला वाटतं हे वाक्य तो जन्मात विसरणार नाही, ताप मात्र परीक्षा झाली की उतरेल.

खिडकीजवळची पोरगी, तीच, सायलेंट अक्षरवाली, तिनं विचारलं, "सर, कोयत्याला काय म्हणायचं?"

सर म्हणाले 'सिकल'. कुणीतरी शाळेतली डिक्शनरी आणली, एकच आहे, कव्हर सुटलेलं, पोत्याच्या दोऱ्याने शिवलेलं. तिनं काढून बघितलं आणि मान हलवली. "सर, ह्ये तर विळा दिलंय. विळ्यानं गवत कापत्यात. ऊस नाय तुटत विळ्यानं." बाकीच्या पोरांनी पण माना डोलावल्या, ह्या विषयात वर्गात सगळेच तज्ज्ञ. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग कोयताच लिही. इंग्रजी अक्षरात.

झालं. आता स्पेलिंगवरून भांडण. एक म्हणतो के-ओ-वाय-टी-ए, दुसरा म्हणतो के-ओ-आय-टी-ए, तिसऱ्याचं म्हणणं शेवटी दोन ए पाहिजेत, नाहीतर कोयत होईल. सात वर्षांत पहिल्यांदा ह्या वर्गाला असा इंग्रजी शब्द सापडला होता ज्याचं स्पेलिंग ते ठरवणार होते, आणि काय तावातावाने ठरवत होते. मी शूटिंग करायचं सोडून बघत बसलो, कॅमेरामनने नशिबाने बटण बंद केलं नाही. शेवटी वाय जिंकला.

(दृश्य: तिची वही. निळं पेन.)

तिचा अर्ज मी नंतर जेवणाच्या सुट्टीत वाचला, खिचडीचं ताट एका हातात. इंग्रजीत चार ओळी, वर पेन्सिल. तिनं लिहिलं होतं, 'टू कोयता अँड हाफ कोयता गो टू फॅक्टरी फ्रॉम माय होम. आय स्टे विथ ग्रँडमदर. बट आय गो विथ देम फॉर फोर डेज. प्लीज गिव्ह मी लीव्ह फॉर फोर डेज.'

मी आपला शहाणा. तिला म्हटलं, छान लिहिलंयस, पण कोयते काय कारखान्याला जातात, माणसं जातात ना, आणि अर्धा कोयता म्हणजे? मोडलेला?

तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी पाढा चुकलोय. "दादा, एक कोयता म्हंजी नवरा-बायको, दोन माणसं. मही मम्मी-पप्पा एक कोयता. काका-काकू एक. दादाचं लगीन नाय झालं आजून, त्यो एकटाच, म्हून अर्धा." मग बोटं मोडून सांगितलं, "पाच माणसं."

हिशोब उचलीचा असतो, उचल जोडीवर मिळते, म्हणून माणसं कोयत्यात मोजतात. हे मला माहिती नव्हतं. सरांना होतं, ते मागं उभे राहून ताक पीत होते, काही बोलले नाहीत.

"आणि चार दिवस कशाला जातेस?"

"आईला खोप, ऱ्हायाची झोपडी, घालू लागायला. मग काकाच्या मुकादमाची गाडी येती, तिच्यात परत."

सरांनी ग्लास खाली ठेवला, वही मागितली, खिशातून लाल पेन काढलं. मला वाटलं आता 'कोयता'ला एस लावणार, टू आहे म्हटल्यावर अनेकवचन पाहिजे, किंवा 'गो'चं काहीतरी करणार. त्यांनी त्याला हात लावला नाही. 'हाफ' तिनं एच-ए-एफ असं लिहिलं होतं, ऐकू येतं तसं. ए आणि एफच्या मध्ये त्यांनी वरून एक छोटा लाल एल घातला.

"सायलेंट," सर म्हणाले.

"आस्सं व्हय," ती म्हणाली, खाली बसली, पेन्सिल काढली आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'हाल्फ'. पाठ करायला.

(दृश्य: घंटा. ट्रॅक्टरचा आवाज. पडदा काळा.)