हाताला लागेल तिथे

(छोट्या होडीवरच्या तातडीच्या सामानाबद्दल, हंगाम सुरू होण्याआधी मच्छीमार आणि पर्यटन होडीवाल्यांसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

नमस्कार मंडळी. टेबलावर हा निळा ड्रम ठेवलाय. ३० लिटरचा, रुंद तोंडाचा, झाकणावर पत्र्याची रिंग आणि खटका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मागच्या पडवीत असा एखादा पडलेला असेल. हा भरलेला आहे, वजन साधारण ९ किलो. यातलं सगळं सामान आज तुमच्यासमोर काढणार आहे. पण त्याआधी दोन प्रसंग सांगतो.

२०१८ साली आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणा घालायच्या शर्यतीत होते. त्यांची नौका ‘तुरिया’, आपल्या शेजारी गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर त्यांना वादळाने गाठलं. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठून उभं राहता येईना. नौकेवर तातडीची पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्यात दुसरा सॅटेलाइट फोन होता, हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ होता. पिशवी नौकेतच होती, पण त्यांना तिथवर पोचता येत नव्हतं. बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र, सुरू झालं होतं आणि छोटे संदेश पाठवायचं एक यंत्र हाताशी चालू होतं, म्हणून ते कुठे आहेत हे जगाला कळत राहिलं. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. इतकी तयारी असलेला, नौदलात मुरलेला माणूस, आणि पिशवी त्याच्या हाताला लागली नाही.

दुसरा प्रसंग माझा. आम्ही तिघे, २४ फुटी फायबरची होडी, मागे बाहेरून लावलेलं एक आउटबोर्ड इंजिन. खाडीच्या मुखातून आत येत होतो. भर ओहोटी होती, बाहेरून लाटा येत होत्या. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतंय आणि लाट आत येतेय, की मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर लाट उभी राहते आणि फुटते. हे मला माहीत होतं, तरी घरी जायची घाई केली. एक लाट मागून चढली, होडी आडवी झाली आणि पालथी पडली. लाइफ जॅकेटं पुढच्या कप्प्यात, जाळ्याखाली. पिशवी मी स्वतः भरली होती आणि वाहून जाऊ नये म्हणून फळीला दोन गाठी मारून पक्की बांधली होती. मी होडीखाली बुडी मारली. अंधारात हाताला माझीच गाठ लागली, भिजून दगडासारखी झालेली. बोटांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, श्वास संपला, वर आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा जायचं धाडस झालं नाही. शेजारच्या गावच्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आम्हाला बघितलं, म्हणून आज इथे उभा आहे. त्या गाठीचा स्पर्श अजून माझ्या बोटांत आहे.

तेव्हापासून सामान भरताना मी पहिला प्रश्न बदलला. आत काय घालू, हे नंतर. होडी पालथी झाली, अंधार आहे, एक हात होडीला धरून आहे, तर उरलेल्या एका हाताला काय लागेल, हे आधी.

त्यामुळे सुरुवात ड्रमापासून नाही, अंगापासून. जॅकेट अंगावर. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणं फार कठीण, ज्याने प्रयत्न केलाय त्याला विचारा. मगाशी एक तांडेल काका मला म्हणाले, “जॅकेट घालून जाळं ओढता येत नाही, बक्कल जाळ्यात अडकतं.” काकांचं म्हणणं खरं आहे. जाळ्यात अडकलेलं बक्कल माणसाला जाळ्याबरोबर पाण्यात ओढू शकतं, ही भीती उगाच नाही. उपाय असा, की पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोचून चिकटपट्टीने दाबायची, शिटीची दोरी आतल्या बाजूला घ्यायची. कामासाठी पातळ, बिनबाह्यांचं जॅकेट मिळतं, ते घ्या. आणि त्यातूनही एखादा ओढताना काढणारच असेल, तर तीन वेळा तरी ते अंगावर असलंच पाहिजे: खाडीचं मुख ओलांडताना, रात्री, आणि होडीत एकटं असताना.

जॅकेट विकत घेतलं म्हणजे झालं असं नाही. त्यावर बसू नका. बसून बसून आतला फोम चेपतो आणि मग ते नीट तरंगत नाही. दरवर्षी एकदा खाडीत कमरेभर पाण्यात उतरून, पाय उचलून बघा, तोंड पाण्यावर राहतं का. दोन पायांमधून घ्यायचा पट्टा बहुतेक जण बांधत नाहीत. तो नसेल तर जॅकेट कानापर्यंत चढतं आणि माणूस खाली घसरतो. लहान मुलांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. पर्यटकांना नेणाऱ्यांनी मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी ठेवा, मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला चालत नाही.

जॅकेटच्या खिशात चार वस्तू, चारही दोरीने बांधलेल्या. शिटी, आत गोळी नसलेली, कारण गोळी भिजली की अडकते. एक छोटा दिवा. एक आरसा. एक बोथट टोकाची सुरी, दोर कापायला. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, गळ्यात. त्यात दोन नंबर आधीच भरून ठेवा: १५५४ तटरक्षक दलाचा, समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी, आणि १०९३ सागरी सुरक्षेचा. किनाऱ्यापासून लांब गेलात की मोबाइलची रेंज जाते, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. पण आपल्या छोट्या होड्यांचे बरेच अपघात किनारा दिसत असतानाच होतात, तिथे तो लागतो.

आता ड्रम. तो मी फळीला बांधत नाही. मागच्या बाजूला उघड्यावर ठेवतो, वर काहीही रचत नाही. पाच वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) दोर आहे, त्याचं एक टोक ड्रमाच्या कडीला पक्कं आणि दुसरं टोक होडीला एकपदरी सुतळीने. होडी उलटली तर ड्रम सुटून तरंगतो आणि दोरामुळे जवळ राहतो. होडी बुडालीच, तर ड्रम वर येण्यासाठी ओढ घेतो आणि सुतळी तुटते. सुतळी किती जाड, हे हाताने झटका देऊन ठरवा. माझ्या एका झटक्यात तुटते, तेवढीच घेतो. मोठ्या जहाजांवर तराफा बांधतात त्यातही असाच एक कच्चा दुवा मुद्दाम ठेवलेला असतो.

झाकण उघडलं की सगळ्यात वर फ्लेअर, म्हणजे लाल आगीची नळकांडी. हातात धरायचं नळकांडं साधारण एक मिनिट जळतं. पॅराशूटचं रॉकेट सुमारे ३०० मीटर वर जातं आणि ४० सेकंद जळत खाली येतं. नारिंगी धूर दिवसासाठी, तो तीनेक मिनिटं टिकतो. आकडे छोटे आहेत, त्यावरून समजून घ्या की घाबरून पहिल्या पाच मिनिटांत सगळी संपवायची नाहीत. विमानाचा आवाज आला, होडीचा दिवा दिसला, की मगच एक. हातातलं नळकांडं वारा जिकडे जातोय त्या बाजूला, होडीच्या बाहेर, हात लांब करून धरायचं. त्यातून वितळलेले थेंब पडतात, फायबरला भोक पाडतात आणि पेट्रोलवर पडले तर पुढे सांगायला नको. प्रत्येकावर तारीख छापलेली असते, साधारण तीन वर्षांची. जुनी झाली म्हणून वरातीत पेटवू नका. समुद्रावर लाल आग दिसली की कोणीतरी जीव धोक्यात घालून निघतं.

आरशाला कोणी मोजत नाही, आणि मला तर तो फ्लेअरपेक्षा जवळचा वाटतो. त्याला तारीख नाही, बॅटरी नाही. एक हात पुढे करून दोन बोटांचा व्ही करा, त्या फटीत दूरची होडी धरा, आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पाडा. बोटांवर कवडसा नाचला, की तिकडच्या माणसाच्या डोळ्यांत चमक जाते. ऊन असेल तर मैलोगणती दिसते. जुनी सीडी असेल तर तीही चालते, मधल्या भोकातून नेम धरता येतो.

त्याखाली पाणी. इथे बाटल्या गळ्यापर्यंत भरू नका. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचितच हलकं, त्यामुळे काठोकाठ भरलेली बाटली जेमतेम तरंगते. चार बोटं जागा सोडा, मग हातून निसटली तरी वर दिसत राहील. समुद्राचं पाणी कितीही तहान लागली तरी पिऊ नका. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. आपलं मूत्रपिंड इतकं खारट पाणी बाहेर टाकू शकत नाही, ते मीठ काढायला अंगातलंच पाणी खर्च होतं. म्हणजे प्यायल्याने तहान वाढते. त्याच कारणाने खायला सुकी मासळी ठेवू नका. आपल्या घरात ती असते, हाताशी येते, टिकते, पण तिच्यातलं मीठ आणि प्रथिनं पचवायला पाणी लागतं. गूळ, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, ग्लुकोजची बिस्किटं हे बरं. दोन-तीन दिवस अन्नावाचून माणूस जगतो, पाण्यावाचून आणि सावलीवाचून त्याचे हाल होतात.

सावलीसाठी ही नारिंगी ताडपत्री. दिवसा डोक्यावर, पाऊस आला की पाणी धरायला, विमान आलं की पसरून दाखवायला, रात्री वाऱ्याला आडोसा. “आपला समुद्र कोमट, गारठायचं काय?” असं बरेच जण विचारतात. पाणी हवेपेक्षा २० पटीहून अधिक वेगाने अंगातली ऊब ओढतं. कोमट पाण्यातही रात्रभर राहिलेला माणूस थरथरायला लागतो, मग हातातली पकड सुटते. म्हणून पालथ्या होडीवर चढून बसा, निदान छाती पाण्याबाहेर काढा. आणि होडी सोडू नका. किनाऱ्यावरचे माड दिसतात, मंदिराचा कळस दिसतो, आणि पोहत जाऊ असं वाटतं. ते दिसतं त्यापेक्षा खूप लांब असतं, आणि ओहोटी तुम्हाला उलटी नेते. शोधणाऱ्याला २४ फुटांची होडी दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

खाली उरलेलं पटकन सांगतो. उलटीच्या गोळ्या, ओआरएस (गोड्या पाण्यातच), चिकटपट्टी, टॉर्च, जखमेसाठी पट्ट्या, रोजचं औषध घेणाऱ्याचं दोन दिवसांचं औषध.

ड्रमाच्या बाहेर, पण तितकंच महत्त्वाचं: दोन वल्ही, पाणी उपसायला कापलेला कॅन, आणि इंजिनाचा डबा. त्यात जादा स्पार्क प्लग, त्याचा पाना, प्रॉपेलरची शिअर पिन, पेट्रोलचा फिल्टर, स्टार्टरची दोरी. आपल्या छोट्या होड्यांचं संकट बहुतेक वेळा बंद पडलेल्या इंजिनापासूनच सुरू होतं. इंजिन बंद पडलं की वाहत जाण्याआधी नांगर टाका. दहा वाव पाण्यात दहा वाव दोर सोडला तर नांगर धरत नाही, घसटतो. निदान चाळीस-पन्नास वाव हवा. पाणी इतकं खोल असेल की तेवढा दोर पुरणार नाही, तर बादली दोराला बांधून पुढून सोडा, ती पाण्यात ओढ धरते आणि होडीचं तोंड लाटेकडे राहतं. लाट पुढून आलेली सोसते, बाजूने आलेली उलटवते.

ज्यांना जमेल त्यांनी तरंगणारा हातातला व्हीएचएफ घ्या, १६ नंबरच्या चॅनलवर हाक मारा. इस्रोचं संकटसूचक यंत्र, ज्याला आपण डॅट म्हणतो, ते उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या केंद्राला तुमची जागा कळवतं. त्याच्या २०२४ साली आलेल्या नव्या आवृत्तीत तुमचा संदेश पोचल्याची पोच परत येते. पाण्यात बसलेल्या माणसाला ती पोच किती बळ देते हे मला सांगायची गरज नाही. पण ते यंत्रही केबिनच्या खुंटीला लटकलेलं असेल, तर पुन्हा त्याच गाठीपाशी आलो.

घरी एक चिठ्ठी ठेवा. किती जण, कुठल्या बाजूला, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर १५५४ ला फोन करायचा. ही वेळ घरच्यांशी बोलून ठरवा. आमच्या घरी माझी बायको दाराकडे बघत बसत नाही, घड्याळाकडे बघते. संध्याकाळी सातला मी आलो नाही, तर सव्वासातला ती फोन लावते. उशीर झाला म्हणून कोणी ओरडेल का, याची तिला पर्वा नाही आणि मी तिला तसंच सांगितलंय.

आता शेवटचं. घरी रात्री दिवे घालवा, हात बादलीत बुडवून त्यांना थोडं तेल लावा, म्हणजे मासळीचा चिकटपणा येईल, आणि हा ड्रम एका हाताने उघडून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खटका सापडायलाच वेळ लागला. मग खटक्याला दोरीचा फास लावला, बोट अडकवून ओढता येईल असा. आतल्या प्रत्येक वस्तूला दोरी बांधली, कारण झाकण उघडताच पहिली लाट सगळं घेऊन गेली असती. प्रत्येकाच्या ड्रमात अशा दोन-चार चुका निघतील. निघू देत, घरात निघालेल्या बऱ्या.

उद्या सकाळी भरतीच्या वेळी मी जेटीवर आहे. माझी होडी आपण खाडीत मुद्दाम पालथी करणार आहोत, कमरेभर पाण्यात, आणि एकेकाने हा ड्रम शोधून उघडायचा आहे. ज्यांना पोहता येतं ते या, ज्यांना येत नाही ते तर नक्की या. जॅकेट हातात घेऊन येऊ नका, घरूनच घालून या.