मी तो सिनेमा पाहिलेला नाही

मंडळी, सचिवांनी मला विषय दिला होता ‘पाहायलाच हवेत असे दहा चित्रपट’. यादी करायला बसलेही होते. पण ‘पाहायलाच हवा’ असं कुणी म्हटलं की मला लहानपणचा रविवार आठवतो आणि आईच्या हातातली एरंडेलाची वाटी. घे, तुझ्याच पोटासाठी आहे! आपल्या फिल्म सोसायटीत गेली तीस वर्षं आपण एकमेकांना असंच एरंडेल पाजत आलोय. हसू नका, पाजणाऱ्यांत मी पुढे होते. तेव्हा यादी राहू द्या. आज मी न पाहण्याबद्दल बोलणार आहे.

‘पाहिला नाहीस ना, मग बोलू नकोस.’ चर्चेत हे वाक्य पडलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. मीही ते पुष्कळांना ऐकवलंय. मग सर्ज दाने नावाचा फ्रेंच समीक्षक वाचनात आला आणि माझी पंचाईत झाली.

दाने जन्मला १९४४ साली. पुढे ‘काये द्यु सिनेमा’ या नियतकालिकाचा संपादक झाला. १९९२ साली तो गेला. त्याच वर्षी त्याचा एक मोठा लेख आला, ‘कापो’ या चित्रपटातल्या एका ट्रॅकिंग शॉटवर, म्हणजे कॅमेरा सरकत नेऊन घेतलेल्या शॉटवर. आणि लेखाच्या सुरुवातीलाच गृहस्थ कबूल करतो की ‘कापो’ मी पाहिलेला नाही. शाळकरी वयात त्याने त्या शॉटबद्दल वाचलं होतं. त्या वाचनावर त्याने आयुष्यभराची सिनेमाची समज उभी केली. पाहिला मात्र नाहीच.

वाचलं होतं ते जाक रिव्हेत या फ्रेंच समीक्षक-दिग्दर्शकाचं. ‘कापो’ हा जिलो पोन्टेकोर्वोचा १९६०चा इटालियन चित्रपट, नाझींच्या छळछावणीवरचा. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला. रिव्हेतने १९६१ साली त्यावर लिहिताना सगळ्या चित्रपटातून एक शॉट बाजूला काढला. छावणीतली एक कैदी, इमान्युएल रिवा या नटीने केलेली, विजेच्या तारांच्या कुंपणावर स्वतःला झोकून देते आणि मरते. मग कॅमेरा तिच्याकडे सरकतो आणि तिचा वर राहिलेला हात चौकटीच्या कोपऱ्यात नेमका बसेल अशी जागा घेतो. रिव्हेत म्हणतो, या क्षणी कॅमेरा पुढे न्यायचं ज्याने ठरवलं, तो माणूस पराकोटीच्या तिरस्काराला पात्र आहे.

केवढं कठोर! पण रागाचं कारण बघा. मयताच्या घरी जाऊन कुणी मोबाइल काढावा आणि प्रेतावरचा हार फोटोत नीट येतोय ना, म्हणून दोन पावलं पुढे सरकावं. तुम्ही त्याला काय म्हणाल? फोटो छान आला, म्हणाल?

दानेला हे इतकं पटलं की ज्याला त्या शॉटची किळस वाटत नाही त्याच्याशी आपलं काही जमायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. कधीही खिशातून काढून दाखवावा असा त्याचा तो सिद्धांत झाला.

मी काय केलं? अर्थातच शोधून तो शॉट पाहिला. काही सेकंदांत संपला. मला वाटलं, चुकून दुसराच पाहिला. मागे जाऊन परत पाहिला. तोच होता. या एवढ्याशासाठी तीस वर्षांचा अबोला? चिडलेच मी दानेवर. मग तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा हात दिसला. कोपऱ्यात, नीट. त्यानंतर मला त्या शॉटमध्ये दुसरं काहीच दिसेना. पण रिव्हेतने सांगितलं नसतं तर मला तो हात दिसला असता का? मला नाही वाटत. म्हणजे डोळे माझे होते, पाहणं रिव्हेतचं होतं. मग न पाहणाऱ्या दानेत आणि पाहणाऱ्या माझ्यात फरक किती? आहे थोडा. पण तुमच्या-आमच्या चर्चेत आपण समजतो तेवढा नाही.

आता दुसरी बाजू. ज्याला तिरस्काराला पात्र ठरवलं तो पोन्टेकोर्वो स्वतः ज्यू होता, फॅसिस्टांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरलेला होता. त्याला त्या बाईची कदर नव्हती, असं कोण म्हणेल? रिव्हेतही तसं म्हणत नाही. कळवळा खरा असूनही कॅमेरा चुकीच्या जागी जाऊ शकतो, ही गोष्ट मला तरी फार जपून ठेवावीशी वाटते. पुढे याच दिग्दर्शकाने अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यावर ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ हा चित्रपट केला. १९६६ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तर फ्रेंच शिष्टमंडळाने बहिष्कार घातला आणि फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षं लोकांना पाहता आला नाही. हासुद्धा नकारच. पण यांना विचारा, नक्की कुठला शॉट? सांगता येणार नाही. त्यांना अख्खा अल्जीरियाच नको होता.

आपल्याकडेही हे झालंय. १९८० साली नर्गिस दत्त यांनी राज्यसभेत सत्यजित राय यांच्यावर आरोप केला की हे आपली गरिबी परदेशात नेऊन विकतात. नंतरच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, मग आधुनिक भारत म्हणजे काय दाखवायचं? त्या म्हणाल्या, धरणं. आता ज्या बाईंनी ‘मदर इंडिया’त चिखलात नांगर ओढला, त्यांनी हे म्हणावं! त्या चित्रपटाच्या सुरुवातीला कालव्याचं उद्घाटन आहे, हे मात्र खरं. इथेही शॉट कुठला, हात कुठला, काही पत्ता नाही. देशाची अब्रू गेली, एवढंच.

आता माझं सांगते. ‘बँडिट क्वीन’, शेखर कपूर यांचा, डाकू फूलनदेवीच्या आयुष्यावरचा. १९९६ साली मी आणि माझ्या जाऊबाई दुपारच्या खेळाला गेलो होतो, बाल्कनीची तिकिटं काढून. फूलनला विवस्त्र करून गावासमोर विहिरीवर पाणी काढायला लावतात, तो प्रसंग सुरू झाला. खाली स्टॉलमधून एक शिट्टी आली. मग दुसरी. मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि बरेचजण हसले. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. आम्ही उठलो नाही. उठलो असतो तर त्या सगळ्यांसमोरून बाहेर जावं लागलं असतं. लोक विचारतात, पूर्ण पाहिला का? शेवटपर्यंत बसून होतो, असं म्हणा.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाचा मार्ग मोकळा केला. त्या प्रसंगातली नग्नता प्रेक्षकाची वासना चाळवण्यासाठी नाही, तिच्याविषयी सहानुभूती आणि ते करणाऱ्यांविषयी घृणा वाटावी म्हणून आहे, असं निकालात म्हटलं. निकाल मला आजही योग्य वाटतो. शेखर कपूर यांनी तो प्रसंग चवीने घेतलेला नाही, हे मला तिथे बसल्या-बसल्याही कळत होतं. न्यायमूर्ती आमच्या थिएटरात नव्हते, इतकंच.

शिट्ट्यांचं खापर चित्रपटावर फोडायचं का? बरीच वर्षं मी फोडलं. मग अरुंधती रॉय यांचा १९९४चा लेख वाचला आणि माझा राग जागेवर आला. त्यांचा प्रश्न साधा होता. जिच्यावर बलात्कार झाले ती बाई जिवंत आहे, ते पडद्यावर पुन्हा उभे करायला तिची संमती कुठे आहे? चित्रपट लोकांना दाखवला जात होता आणि फूलनदेवीला तो दाखवलेला नव्हता. तिने स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती. पुढे तडजोड झाली, ते वेगळं. पण आता माझ्या नकाराला कारण मिळालं. कॅमेरा कुठे उभा आहे हे रिव्हेत विचारतो. त्याच्याआधी, कॅमेऱ्यासमोर जिचं आयुष्य ठेवलंय तिला विचारलं होतं का, एवढं मला विचारावंसं वाटतं. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’चं तेच. त्यातली नटी मारिया श्नायडर १९ वर्षांची होती. बलात्काराच्या प्रसंगातला लोण्याचा तपशील मूळ पटकथेत नव्हता आणि आपण तो तिच्यापासून लपवला, हे दिग्दर्शक बेर्तोलुचीने ती गेल्यावर कबूल केलं. थोर चित्रपट आहे म्हणतात. असेल. मी तो पाहणार नाही. तुम्ही पाहिला म्हणून तुमच्या घरचा चहा मात्र सोडणार नाही.

अबोला धरण्याबद्दल म्हणाल तर आपल्या सोसायटीत ‘कोर्ट’वरून जवळजवळ धरलाच होता. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा चित्रपट, सुवर्णकमळ मिळालेला. कॅमेरा लांब, तिकाटण्यावर थंड उभा. आपले निम्मे सभासद म्हणाले, आता कुठे न्यायालय खरं दिसलं. निम्मे म्हणाले, हे तर आम्ही तालुक्याच्या कोर्टात फुकट पाहतो. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, कोर्टाचे दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. त्या अंधारात आपली पाच-सहा मंडळी चपला शोधायला लागली होती, आठवतंय? त्यानंतर सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेतायत आणि झोपमोड करणाऱ्या पोराच्या थोबाडीत मारतात. अर्ध्यांनी ते दाराशी उभं राहून पाहिलं. चित्रपट अंधारातच संपायला हवा होता, असं मला वाटतं. माझी मैत्रीण म्हणते, ती थोबाडीत म्हणजेच चित्रपट. आम्ही दोघींनी एकाच रांगेत बसून पाहिला होता.

आणि मागच्या वर्षी कार्यकारिणीत तरुण मंडळींनी ‘बँडिट क्वीन’ लावायचा ठराव मांडला. मी हात वर केला, बाजूने. म्हटलं, जरूर लावा, त्या दिवशी चहाचं मी बघते. एक मुलगी, पंचविशीची असेल, रागावलीच. म्हणाली, काकू, तुम्ही पुन्हा पाहणार नाही, तर तुमचं मत आम्ही कसं धरायचं? मी म्हटलं, नको धरू. तू पाहा आणि मला येऊन सांग.

त्या संध्याकाळी मी बाहेर व्हरांड्यात बसले होते. दार बंद होतं, पण आवाज ऐकू येत होता. नको असताना कान तिकडेच होते. शिट्टी आली नाही. संपल्यावर सगळे पांगले आणि ती थांबली. म्हणाली, काकू, मी तुमच्या शिट्ट्यांची वाट पाहत होते. कुणीच वाजवली नाही. कुणी हललंसुद्धा नाही. मी म्हटलं, बरं झालं. तर ती म्हणाली, बरं झालं की नाही मला माहीत नाही, ती शांतता मला आवडली नाही. का आवडली नाही, ते तिला सांगता येईना. मी प्रेक्षकांची बाजू घेतली, ती तुमच्या-माझ्या जुन्या शिट्टीवाल्याचीही घेईना आणि या गप्प बसणाऱ्यांचीही. कप विसळून झाले, बरणी भरून झाली. वॉचमन एकेक दिवा घालवत आला तेव्हा ती मला विचारत होती, तुम्ही उठून गेला असतात तर तुमच्या मागून कोण उठलं असतं?