४२ तास आणि एक परवाना

आठवड्याचे तास १६८. त्यातले १२६ कॅनडाचा प्रसारण नियामक मोजतो : रोज सकाळी सहा ते मध्यरात्र, सातही दिवस. या १२६ तासांचा एक तृतीयांश म्हणजे ४२. ज्या गावात खासगी स्थानकांची आपसात स्पर्धा आहे, तिथल्या एफएम स्थानकाने आठवड्याला निदान ४२ तास स्थानिक कार्यक्रम द्यायचे असतात. नाही दिले तर? तर त्या गावातल्या जाहिराती घ्यायच्या नाहीत.

आज मला मुख्यतः या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. रेडिओच्या नियमांत भाषा आणि संस्कृती यांच्याबद्दल पुष्कळ गोड वाक्यं असतात. हे वाक्य त्यातलं नाही. ते थेट गल्ल्याला हात घालतं. क्वेबेक प्रांतातल्या रिमूस्कीसारख्या गावातल्या फर्निचरच्या दुकानदाराचे पैसे हवे असतील, तर रिमूस्कीबद्दल बोला. माँट्रियलहून आलेला कार्यक्रम दिवसभर लावून ठेवायचा असेल तर खुशाल लावा, पण मग त्या दुकानदाराच्या दारात जायचं नाही. माझ्या मते सीआरटीसी या नियामक आयोगाने केलेल्या नियमांमध्ये हा सगळ्यात शहाणा नियम आहे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, पटकन. कॅनडा आणि अमेरिका मिळून जी लोकसंख्या होते, तिच्यात फ्रेंच बोलणारे जेमतेम दोन टक्के. त्यांतले बहुसंख्य क्वेबेक प्रांतात. १९२२ मध्ये माँट्रियलच्या ‘ला प्रेस’ या वर्तमानपत्राने सीकेएसी हे फ्रेंच रेडिओ स्थानक सुरू केलं. पुढे क्वेबेकने म्हटलं, रेडिओचा कायदा आम्ही करू. केंद्राने म्हटलं, आम्ही. हे भांडण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३२ मध्ये निकाल केंद्राच्या बाजूने लागला. म्हणून आजही क्वेबेकच्या एखाद्या दूरच्या गावातल्या फ्रेंच स्थानकाचा परवाना क्वेबेक सरकार देत नाही. तो १९६८ साली स्थापन झालेली सीआरटीसी देते. तिचं मुख्यालय गातिनो या शहरात आहे, ओटावाच्या समोर, नदीच्या क्वेबेककडच्या काठावर. राजकारणात जागासुद्धा विचार करून निवडतात. १९९१ चा प्रसारण कायदा म्हणतो की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तोच कायदा असंही म्हणतो की इंग्रजी आणि फ्रेंच प्रसारण वेगळ्या परिस्थितीत चालतं, त्यामुळे त्यांच्या गरजा वेगळ्या असू शकतात.

या वेगळेपणाचं सगळ्यात प्रसिद्ध रूप म्हणजे गाण्यांचा कोटा. फ्रेंच स्थानकावर आठवडाभरात वाजणाऱ्या लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के फ्रेंच हवीत. शिवाय सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळेत ५५ टक्के. तुम्ही म्हणाल, एकदा ६५ म्हटल्यावर पुन्हा हे ५५ कशाला? कारण स्थानकवाले हुशार असतात. लोक गाडीत बसून, दुकानात, कारखान्यात रेडिओ ऐकतात तेव्हा अमेरिकन हिट गाणी वाजवायची आणि फ्रेंच गाणी रात्री किंवा शनिवार-रविवारी ढकलायची, हा सरळ मार्ग होता. दिवसाचा आकडा त्यासाठी आला. मग दुसरी पळवाट निघाली, मॉन्ताज. अनेक गाण्यांचे तुकडे एकमेकांना जोडून वाजवायचे. नियमानुसार असा अख्खा जोडसमूह हे एकच गाणं. म्हणजे दहा इंग्रजी गाण्यांचे तुकडे वाजवले तरी हिशेबात एक इंग्रजी, आणि त्यानंतर पूर्ण वाजवलेलं एक फ्रेंच गाणं हेही एक. झाले पन्नास टक्के! अखेर काही स्थानकांच्या परवान्यात आयोगाला मॉन्ताजवर १० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

पण गाणं फ्रेंच असणं आणि स्थानक स्थानिक असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पॅरिसचं फ्रेंच गाणं गास्पे द्वीपकल्पावर वाजलं तर भाषा सांभाळली गेली, गास्पे मात्र ऐकू आलं नाही. म्हणून ‘स्थानिक’ची व्याख्या वेगळी करावी लागते. २००६ च्या धोरणात ती अशी आहे : जो कार्यक्रम त्या स्थानकातून निघतो, किंवा फक्त त्या स्थानकासाठी वेगळा तयार होतो, तो स्थानिक. दुसऱ्या स्थानकावरून घेऊन त्याच वेळी किंवा नंतर लावलेला कार्यक्रम चालत नाही. आणि या स्थानिक तासांत त्या वस्तीशी थेट संबंध असलेला बोललेला मजकूर हवा, म्हणजे स्थानिक बातम्या, हवामान, खेळ, गावातल्या कार्यक्रमांची माहिती.

आता यातलं ‘किंवा’ बघा. माँट्रियलच्या स्टुडिओत बसून एक निवेदक दुपारी तासाभरात चार गावांसाठी चार वेगवेगळी निवेदनं रेकॉर्ड करू शकतो. प्रत्येक निवेदन ‘फक्त त्या स्थानकासाठी’ केलेलं. संगणक दुसऱ्या दिवशी सकाळी गाण्यांच्या मध्ये ती बरोबर पेरतो. निवेदक म्हणतो, ‘आज नदीवर काय सुंदर धुकं आहे!’ त्याने ती नदी या वर्षात पाहिलेलीसुद्धा नसेल. व्याख्येच्या दृष्टीने मात्र हे स्थानिक आहे. धंद्यात याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. गाणी आणि गप्पा चालू असतात तोवर श्रोत्यालाही फरक कळत नाही.

फरक कळतो तो संकटात. जानेवारी १९९८ मध्ये दक्षिण क्वेबेकवर अनेक दिवस गोठणारा पाऊस पडला. तारांवर, झाडांवर बर्फाचे जाड थर चढले, विजेचे उंच मनोरे मोडून पडले. सँ-इयासँत, ग्रँबी आणि सँ-जाँ-सुर-रिशलिय यांच्यामधल्या पट्ट्याला लोक ‘काळा त्रिकोण’ म्हणू लागले, कारण तिथे कित्येक आठवडे वीज नव्हती. टीव्ही बंद. मग बॅटरीवरचा रेडिओ. कुठल्या शाळेत निवारा उघडलाय, कुठला रस्ता बंद आहे, लाकूड कुठे मिळेल, हे सांगायला त्या क्षणी कुणीतरी त्या गावात जागं असावं लागतं. आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेला आवाज इथे कामाचा नाही. ‘४२ तास’ या आकड्यात त्यातले किती तास माणूस प्रत्यक्ष मायक्रोफोनसमोर बसलेला हवा, हे लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं होतं असं माझं मत आहे.

क्वेबेकबाहेर गोष्ट आणखी नाजूक होते. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर क्लेर नावाचा भाग आहे, तिथे अकेडियन फ्रेंच लोक राहतात. त्यांची बोली जुन्या फ्रेंचची, इंग्रजी शब्द मिसळलेली. तिला ते अकाजोन म्हणतात. १९९० पासून तिथे सीआयएफए हे सामुदायिक स्थानक आहे, आणि तिथले निवेदक ही बोली हवेवर बोलतात. ही शुद्ध फ्रेंच नाही, मुलं बिघडतील, असं म्हणणारेही होते. आपल्याला हा वाद नवा नाही, मालवणी किंवा अहिराणीबद्दल हेच ऐकलंय आपण. नियामकाच्या तक्त्यात ‘फ्रेंच’ असा एकच रकाना असतो. अकाजोन त्यात बसते, पण तक्त्याला ती दिसत नाही.

मग अंमलबजावणी होते कशी? नाट्य फार कमी असतं तिच्यात. स्थानकाने आपल्या प्रसारणाचं रेकॉर्डिंग चार आठवडे जपायचं असतं. परवाना नूतनीकरणाच्या वेळी आयोग एखाद्या आठवड्याचं रेकॉर्डिंग आणि गाण्यांची यादी मागवतो आणि ती मोजतो. प्रसारण वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, वार्षिक विवरण ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचं. नियमभंगाची प्रकरणं वाचायला बसलात तर कंटाळाल, कारण पुष्कळ ठिकाणी गुन्हा एवढाच असतो की विवरण उशिरा आलं किंवा कलावंतांच्या निधीचे पैसे भरायचे राहिले. शिक्षा? अनेक वर्षं परवान्याची जास्तीत जास्त मुदत सात वर्षांची होती. नियम मोडणाऱ्याला ती तोकडी मिळायची. म्हणजे दोन-चार वर्षांत पुन्हा कागद घेऊन उभं राहा. काहींना आपला नियमभंग स्वतःच्याच श्रोत्यांना हवेवर वाचून दाखवावा लागला. ही शिक्षा मला फार आवडते.

आणि सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे परवाना संपू देणं. ती फार क्वचित दिली जाते. का, ते क्वेबेक सिटीच्या सीएचओआय स्थानकाने दाखवलं.

एफएम ९८.१ वरचं हे स्थानक जेनेक्स या कंपनीचं. रॉक संगीत, आणि सकाळी जेफ फिलिऑन हा निवेदक. तो बोलायचा तसं शहरात कोणी बोलत नव्हतं. लोक त्याच्यावर फिदा होते, आणि तक्रारीही तेवढ्याच येत होत्या. २००२ मध्ये आयोगाने सात वर्षांऐवजी दोनच वर्षांचा परवाना दिला, सोबत आचारसंहिता आणि तक्रारींसाठी सल्लागार समितीची अट. तक्रारी थांबल्या नाहीत. मनोरुग्णांबद्दल, परदेशी विद्यार्थ्यांबद्दल, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या एका तरुणीबद्दल त्या स्थानकावर जे बोललं गेलं, ते इथे उच्चारायची माझी इच्छा नाही. १३ जुलै २००४ ला आयोगाने जाहीर केलं की परवान्याचं नूतनीकरण होणार नाही, ३१ ऑगस्टला प्रसारण बंद.

त्याच महिन्यात क्वेबेक सिटीच्या रस्त्यांवर प्रचंड मोर्चा निघाला. काही अंदाज ५० हजारांचे आहेत. गाड्यांवर ‘स्वातंत्र्य’ लिहिलेले स्टिकर. ऑगस्टमध्ये बसगाड्या भरून लोक ओटावाला संसदेसमोर गेले. विचार करा, रेडिओ स्थानकासाठी! आणि गंमत अशी की स्थानिकतेच्या निकषावर हे स्थानक नापास नव्हतं. ते अतोनात स्थानिक होतं. शहराचा महापौर, शहराचे रस्ते, शहराचे हेवेदावे, माँट्रियलवरचा राग, सगळं त्यात होतं. ४२ तासांची व्याख्या लिहिणाऱ्यांच्या मनात यातलं काहीच नसावं.

पुढे न्यायालयाने स्थगिती दिली, त्यामुळे स्थानक चालूच राहिलं. २००५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय योग्य ठरवला. त्याच वर्षी त्या हवामानवाल्या तरुणीने बदनामीचा दावा जिंकला, भरपाई ३ लाख ४० हजार डॉलर. फिलिऑनने स्थानक सोडलं आणि इंटरनेटवर स्वतःचा रेडिओ सुरू केला, जिथे परवाना लागतच नव्हता. २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीला त्याच लहरींचा परवाना मिळाला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. तोवर प्रश्नच संपलेला होता. एक शिक्षक बिघडला म्हणून शाळेला कुलूप लावायचं, आणि मग दुसऱ्या संस्थेला त्याच इमारतीची किल्ली द्यायची, तसं हे झालं. ज्या तरुणीला खरंच न्याय मिळाला, तो दिवाणी न्यायालयात मिळाला. आयोगाकडे मधलं हत्यार नव्हतं. २०२३ च्या कायद्याने ते दिलं, प्रसारकांवर दंड बसवण्याचा अधिकार. २००४ मध्ये तो हाताशी असता तर मोर्चा निघाला नसता, असं मला वाटतं.

स्थानक विकलं जातं तेव्हाही आयोग दारात उभा असतो. खरेदीदाराने किमतीच्या साधारण ६ टक्के रक्कम संगीत आणि प्रसारणाच्या निधींना द्यायची. फ्रेंच बाजूला म्यूझिकाक्सियॉं आणि राडियोस्टार असे निधी आहेत, थोडा वाटा सामुदायिक रेडिओलाही जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेल मीडिया या प्रसारण कंपनीने आपली ४५ रेडिओ स्थानकं विकायला काढली तेव्हा क्वेबेकमधली काही आर्सेनल मीडियाकडे गेली. अशा प्रत्येक सौद्याची फाइल आयोगाकडे जाते. आणि कुठलाही नागरिक त्यावर लेखी म्हणणं मांडू शकतो. ते प्रसिद्ध होतं, आणि कंपनीला त्याला उत्तर द्यायची संधी मिळते. तुम्ही ही पत्रं जरूर वाचा. गावचा महापौर, हॉकी क्लब, एखादा आजोबा. आजोबांचं पत्र बहुधा सगळ्यात नेमकं असतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आपल्याकडे असं काही आहे का?)

विचारलंत ते बरं झालं. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये म्हटलंय, क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणाच्या खटल्यात. तत्त्व तेच. पण आपली खासगी एफएम वाहिनी लिलावात मिळते, १५ वर्षांसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असं सांगून. आता गंमत बघा. वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल, आपत्तीच्या सूचना, ही यादी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे. तिकडे स्थानकाकडून याची मागणी होते. इकडे हे ‘बातमीत मोडत नाही’ म्हणून सांगायची मुभा आहे. खरी बातमी हवी असेल तर आकाशवाणीचं बातमीपत्र, तेही एक शब्द न बदलता.

कॅनडात नव्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सांगावं लागतं की आठवड्याला किती तास बातम्या देणार आणि त्यातल्या स्थानिक किती. आपल्या लिलावात असा प्रश्न नसतो. असून उपयोगही नाही, उत्तर द्यायचीच परवानगी नाही.