खाण हीसुद्धा एक विहीरच

खडीच्या खाणीचा विषय निघाला की बोलणे लगेच धुळीवर आणि सुरुंगांच्या हादऱ्यांवर येते. ते स्वाभाविकही आहे, कारण धूळ ज्वारीच्या पानावर दिसते आणि भिंतीला गेलेला तडा बोटाने दाखवता येतो. पाण्याचे तसे नाही. विहिरीचे पाणी हटले तर पाऊस कमी झाला, शेजाऱ्याने बोअर घेतली, अशी अनेक कारणे सांगता येतात, आणि सुनावणीत खाणपट्टाधारक नेमकी तीच सांगतो. म्हणून आज मी केवळ पाण्याविषयी, आणि तेही खाणपट्टा वाढवून मागितला जातो त्या टप्प्याविषयी बोलणार आहे.

महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून थोड्या अधिक भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी बनलेला हा खडक विहीर खणणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो : वर माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक किंवा छिद्राछिद्रांचा मांजऱ्या, आणि त्याखाली पहार टणकन उडवणारा घट्ट काळा पत्थर. पाणी साठते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांमध्ये. काळा पत्थर पाणी फारसे साठवत नाही, तो ते खाली जाण्यापासून अडवतो. भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या 2015 च्या पद्धतीत झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी खडकाच्या घनफळाच्या सुमारे 2 टक्के धरले आहे, तर वाळूमिश्रित गाळाच्या प्रदेशासाठी ते 16 टक्के आहे. आपली साठवण मुळातच इतकी तोकडी आहे.

आता खाणीला काय हवे असते ते पाहा. खडीसाठी लागतो तो खालचा काळा पत्थर. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर वरचा मुरूम आणि मांजऱ्या खरवडून काढावा लागतो. कागदोपत्री तो वरचा निरुपयोगी थर असतो (प्रत्यक्षात मुरूम भरावासाठी ब्रासवर विकला जातो, तो भाग वेगळा), परंतु विहिरीच्या दृष्टीने तोच थर म्हणजे पाण्याची टाकी. एक हेक्टर क्षेत्रात असा 10 मीटर जाडीचा पाणी धरणारा थर काढला, तर 1 लाख घनमीटर खडक जातो, आणि 2 टक्क्यांच्या हिशेबाने 2,000 घनमीटर, म्हणजे 20 लाख लिटर साठवण जाते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजल्यास हे 200 टँकर झाले, आणि दर पावसाळ्यात पुन्हा भरू शकणारी ही जागा असल्यामुळे तोटा एकदाच होऊन थांबत नाही.

यावर उत्तर तयार असते की खड्ड्यातच त्याहून कितीतरी जास्त पाणी साठेल. बंद पडलेल्या खाणीबाबत हे खोटे नाही. अशा खाणींच्या पाण्यावर काही गावांनी उन्हाळे काढले आहेत. मात्र चालू खाणीचा तळ कोरडा लागतो. एका खाणीत मी जानेवारीत उतरलो होतो. पाऊस संपून तीन महिने झाले होते, तरी एका भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तांबड्या मातीचा पट्टा ओला होता, त्याखाली शेवाळाची हिरवी रेघ होती, आणि तिथून पाणी थेंबाथेंबाने तळाच्या खळग्यात उतरत होते. खळग्यात पंप होता व त्याचा पाइप पलीकडच्या ओढ्यात सोडलेला होता. मुकादम म्हणाला, "साहेब, हे पावसाचं साठलेलं पाणी आहे." पाणी साठलेले खरेच होते, पण ते खडकात साठलेले होते, आणि ते कोणाच्या ना कोणाच्या विहिरीकडे निघाले होते.

याचा अर्थ खाण हीसुद्धा एक विहीरच आहे. फक्त तिचा घेर काही एकरांचा असतो आणि तिचे पाणी पिकाला न जाता ओढ्यात जाते. 1993 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणण्यास मनाई केली. शेतकऱ्याला जो नियम सहा मीटर व्यासाच्या विहिरीसाठी लागू झाला, त्यामागचे तत्त्व विहिरीपेक्षा खोल जाणाऱ्या खाणीला तर अधिकच लागू व्हायला हवे. शिवाय बेसाल्टमध्ये अंतर हे मोजमाप अपुरे पडते. पाणी भेगांच्या दिशेने वाहते, त्यामुळे शंभर मीटरवरची विहीर जशीच्या तशी राहून त्याच भेगेवरची दूरची विहीर आटू शकते. नकाशावर वर्तुळ काढून दिलेली हमी म्हणूनच मला पटत नाही.

खोली वाढली की गुणवत्तेचाही प्रश्न येतो. सुरुंगातील अमोनियम नायट्रेटचा न फुटलेला अंश पाण्यात सहज विरघळतो, आणि खाणीत मातीचा थर उरलेला नसल्याने ते पाणी गाळले न जाता भेगांत शिरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. खाणीलगतच्या विहिरींची ही तपासणी वाढीव परवानगीच्या आधी झाली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजाच्या (म्हणजे खडी, मुरूम, वाळू यांसारख्या) पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली, आणि 2016 च्या केंद्रीय अधिसूचनेने एकमेकांपासून 500 मीटरच्या आतले पट्टे एकत्रित मोजण्याची तरतूद केली. एकाच डोंगराचे चार तुकडे करून चार अर्ज करण्याची हुशारी त्यामुळे अवघड झाली, अशक्य मात्र झालेली नाही. खडी नको, असे मी म्हणत नाही. माझे घरही तिच्यावरच उभे आहे.

जनसुनावणी घ्यायची असेल तर तिच्या किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते, पण एवढ्या काळात विहिरीची जुनी पातळी कोणीही सिद्ध करू शकत नाही. आपल्याकडे मात्र एक माप पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे : विहीर किती तास चालते आणि उपसल्यावर किती तासांत भरते. ते आजवर बोलण्यात राहिले, कागदावर आले नाही. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, पंप सुरू करण्यापूर्वी, काठावरच्या त्याच दगडापासून दोरीने पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, उपशाचे आणि भरण्याचे तास लिहावेत, त्या महिन्याचा पाऊस शेजारी नोंदवावा आणि वहीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) तारखेसह सही घ्यावी. पाऊस सारखाच झालेल्या दोन वर्षांत विहीर भरायला सहाऐवजी चौदा तास लागू लागले, तर पावसाचे कारण पुढे करणाऱ्याला त्या वहीतील रकान्यांचे उत्तर द्यावे लागेल. वाढीव पट्ट्याचा अर्ज पुढच्या वर्षी येणार असेल, तर वहीचे पहिले पान या महिन्यातच लिहायला हवे.