पाईप गुळगुळीत, तरी मोटार का दमते?

(जळगावातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

तर आपल्याकडे तापीवरून केळीला पाणी आणायचं म्हणजे किलोमीटर-दोन किलोमीटर पाईपलाईन आलीच, आणि मग हमखास प्रश्न येतो की भाऊ, पीव्हीसी तर आतून काचेसारखा गुळगुळीत असतो, मग घर्षण येतं कुठून? प्रश्न बरोबर आहे. पण नुसत्या गुळगुळीतपणाने काम भागत नाही, कारण भिंतीला लागून असलेलं पाणी हलतच नाही, तिथे वेग शून्य, आणि मधलं पाणी पळतंय, या दोघांच्या ओढाताणीत भोवरे तयार होतात.

1883 साली मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हेच दाखवलं, हळू असताना धार सरळ जाते, वेग वाढवला की विस्कटते. आपल्या 90 एमएमच्या पाईपात पाणी शांत वाहायला हवं असेल तर वेग सेकंदाला साधारण 2 सेंटिमीटर ठेवावा लागेल! आपण ठेवतो दीड मीटर. शांत प्रवाहात वेग दुप्पट केला तर दाबाचा लॉस दुप्पट, पण खळबळीत तो जवळजवळ साडेतीन पट होतो, मोटार दमते ती इथे.

आता गंमत बघा, ही सगळी भानगड भिंतीजवळच्या अगदी पातळ थरात शिजते. तिथे पाण्याच्या हळू-जलद अशा लांबट पट्ट्या असतात, आपल्या या पाईपात दोन पट्ट्यांमधलं अंतर एक-सव्वा मिलिमीटर येतं, त्या मधूनमधून उचकटतात आणि खळबळ चालू राहते. म्हणजे पूर्ण पाईपाशी भांडायची गरज नाही, एवढा थर आवरला की झालं.

शार्कच्या कातडीवर बारीक रेघा असतात, तशाच खाचांचे पृष्ठभाग नासाने 1980च्या आसपास तपासले, घर्षण 8 टक्क्यांच्या आसपास कमी होतं. आपल्या पाईपात त्या खाचा 0.2 मिलिमीटरच्या लागतील, आणि तापीचा गाळ त्या किती दिवस मोकळ्या ठेवेल ते तुम्हीच सांगा.

खरी कमाल पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंची. टॉम्स नावाच्या माणसाने 1948 मध्ये मांडलं की द्रवात असे रेणू अगदी थोडे, म्हणजे दहा लाखात काही दहा भाग, मिसळले तरी घर्षण धाडकन कमी होतं, प्रयोगात 70-80 टक्क्यांपर्यंतसुद्धा. भोवरा फिरायला लागला की साखळी ताणली जाते आणि त्याचा जोर खाते. अलास्काच्या क्रूड ऑईलच्या लाईनमध्ये 1979 पासून हे वापरलंय.

आपल्याकडे टाकू का? मला विचाराल तर नको. साखळ्या पंपाच्या पंख्यात तुटतात, म्हणून पॉलिमर पंपातून पाणी बाहेर पडल्यावर सोडावं लागतं, आणि तेल पुढे विकलं जातं, त्यात डोसचा खर्च निघतो, आपलं पाणी मात्र मातीत जातं, आणि रोज नवीन डोस. त्यापेक्षा पाईप एक साईज मोठा घ्या. तेवढाच डिस्चार्ज, म्हणजे तितक्याच वेळात तितकंच पाणी, 75 ऐवजी 90 मधून नेला तर लॉस निम्म्याच्याही खाली येतो, कारण तो व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने घटतो. दुकानदार 75 चालेल म्हणतो, चालतो पण, फक्त बिल दर महिन्याला तुम्ही भरता.